ओल्या लंगोटांचा हिशेब

बाळ जन्मले की पाचव्या दिवशी पाचवी पुजायची, ही आपल्याकडची जुनी रीत. कुठे पाचवी, कुठे सहाव्या दिवशी सटवाई. नावे आणि दिवस बदलतात, मांडणी थोडीफार तीच. पाटा-वरवंटा धुऊन ठेवायचा, हळदकुंकू वाहायचे, दिवा लावायचा आणि जवळ एक कोरा कागद व लेखणी ठेवून द्यायची. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते, अशी समजूत. परभणी-पूर्णा लोहमार्गावर पिंगळी नावाचे गाव आहे. तिथले, किंवा मराठवाड्यातल्या तशाच कुठल्याही गावातले, एखादे घर डोळ्यांसमोर आणा. बाळंतपण परभणीला दवाखान्यात झाले आहे, तिसऱ्या दिवशी घरी सोडले आहे, बाळाचे फोटो मोबाइलवरून पुण्याच्या मामाला कधीच पोचले आहेत. तरी कोरा कागद ठेवायला आजी विसरलेली नाही.

सकाळी तो कागद कोराच असतो. सटवाईची लिपी आपल्या डोळ्यांना दिसत नाही, असे म्हणून आजी तो उचलून ठेवते. परंतु त्याच घरात, त्याच पाच दिवसांत, बाळाच्या जिवाविषयीचा आणखी एक मजकूर लिहिला जात असतो. तो वाचायला फारशी विद्या लागत नाही. तो अंगणातल्या दोरीवर वाळत असतो. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत किती लंगोट ओले झाले, हा तो मजकूर. आणि नवल असे, की घरातल्या चार बायकांना विचारावे तर नक्की आकडा एकीलाही सांगता येत नाही. 'होते की शू, चांगली होते,' एवढेच उत्तर मिळते. किती वेळा, हे कोणी मोजलेलेच नसते.

नवजात बाळाची मूत्रपिंडे एकाएकी काम करीनाशी होतात तेव्हा डॉक्टर त्याला 'अ‍ॅक्यूट किडनी इंज्युरी' म्हणतात. आपण त्याला मूत्रपिंडाला झालेली अचानक इजा म्हणू. किडनीचा विकार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते मधुमेहाने थकलेले आजोबा आणि त्यांच्या डायलिसिसच्या वाऱ्या. चार दिवसांच्या जिवाला कसली आली किडनीची तक्रार, असे कोणालाही वाटावे. वैद्यकाचे लक्षही या प्रश्नाकडे तसे उशिराच गेले. २०१७ साली 'लॅन्सेट'च्या बालआरोग्यविषयक नियतकालिकात 'अवेकन' या नावाने ओळखला जाणारा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि भारत या चार देशांतल्या २४ रुग्णालयांत, नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या आणि किमान दोन दिवस सलाइनवर असलेल्या २,०२२ बाळांची कागदपत्रे त्यात तपासली होती. त्यांपैकी ६०५ बाळांच्या, म्हणजे दर दहांतल्या तिघांच्या, मूत्रपिंडांना इजा झालेली आढळली. इजा न झालेल्या बाळांत शंभरातले एखादे दगावले होते. इजा झालेल्यांत शंभरातली दहा.

हे आकडे आजारी बाळांचे आहेत, घरोघरी पाळण्यात झोपलेल्या गुटगुटीत बाळांचे नव्हेत, हे आधीच सांगितलेले बरे. उगाच कोणा बाळंतिणीची झोप उडवायची नाही. पण आजारी बाळे काही निराळ्या गावची नसतात. वेळेआधी जन्मलेले, जन्मताच न रडलेले, जंतुसंसर्ग झालेले बाळ प्रत्येक गावात दर वर्षी असते. त्याच्या फुप्फुसांची, त्याच्या काविळीची चौकशी सगळे करतात. मूत्रपिंडांची कोणी करीत नाही. त्याला कारण आहे. श्वास लागला तर छाती भात्यासारखी हलते. कावीळ झाली तर डोळे सांगतात. मूत्रपिंड दुखत नाही, बाळ त्यासाठी रडत नाही, ताप येत नाही. उलट बाळ अधिकच शांत होते. आणि शांत बाळाचे आपल्या घरात कौतुक होते! 'गुणाचं लेकरू आहे, रडतसुद्धा नाही,' असे जिच्याविषयी सांगितले जाते, त्या तीन दिवसांच्या मुलीला कधी कधी रडण्याचे त्राणच उरलेले नसते.

मूत्रपिंडाला इजा होते कशी? परभणीकरांना समजावून सांगायला जायकवाडीचा कालवा पुरे. धरणात पाणी कमी असले की पहिले पाणी पिण्याला, मग वरच्या अंगाच्या शेतांना, आणि शेपटाकडची शेते कोरडी. जन्मताना बाळ गुदमरले, त्याला प्राणवायू कमी पडला, की शरीर हेच धोरण स्वीकारते. उरलेसुरले रक्त मेंदूला आणि हृदयाला धाडले जाते. मूत्रपिंडे शेपटाला राहतात. बाळाला पुढे श्वास येतो, रंग सुधारतो, सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात, आणि मूत्रपिंडे मात्र त्या काही मिनिटांच्या दुष्काळाचा हिशेब दोन दिवसांनी मांडतात. जंतुसंसर्गात रक्तदाब खाली येतो तेव्हाही हेच घडते.

दुसरा रस्ता अधिक साधा आणि म्हणून अधिक चटका लावणारा आहे. बाळाच्या पोटात पुरेसे दूधच जात नाही. पहिलटकरीण आहे, सिझेरियन झाले आहे, पहिले दोन-तीन दिवस नुसता चीक आहे, बाळाला नीट पकडता येत नाही. त्यात परभणीचा मे महिना, पारा ४२-४३ च्या घरात, पत्र्याचे छप्पर आणि बाळ-बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून बंद केलेली खिडकी. बाळाच्या अंगातले पाणी श्वासावाटे, कातडीवाटे उडत राहते. चीक थोडाच असतो आणि निरोगी बाळाला तेवढा पुरतो. परंतु दूध उतरायला चौथा, पाचवा दिवस उजाडला आणि बाळाचे चोखणे दुबळे असले, तर रक्तातले मीठ चढते, मूत्रपिंडांकडे जाणारा प्रवाह आटतो. अशा वेळी 'तहान लागली असेल' म्हणून चमच्याने पाणी पाजणे हा उपाय नव्हे. चढलेले मीठ नुसत्या पाण्याने झपाट्याने उतरले तर मेंदूला सूज येऊ शकते. ते काम दवाखान्यात मोजूनमापून, सावकाश करायचे असते. घरात करायचे ते एवढेच, की बाळाला दर दोन तासांनी अंगावर पाजायचे, झोपले असले तर उठवून पाजायचे. आणि मोजायचे.

मोजायचे म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. जन्मल्यापासून पहिल्या २४ तासांत बहुतेक बाळे एकदा तरी शू करतात आणि ४८ तासांत जवळजवळ सगळीच. दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा, असे चढत जाऊन पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा त्याहून जास्त लंगोट ओले व्हायला हवेत. म्हणजे ज्या दिवशी पाचवी पुजायची, त्याच दिवशी सहाचा आकडा गाठायचा. लक्षात ठेवायला याहून सोपे काय असेल? डॉक्टरांचे माप थोडे निराळे असते. किलोमागे तासाला एक मिलिलिटरपेक्षा कमी लघवी म्हणजे धोक्याची खूण. अडीच किलोच्या बाळाचा हिशेब केला तर दिवसाला ६० मिलिलिटर, हॉटेलातल्या चहाच्या छोट्या ग्लासात मावेल एवढी. रुग्णालयात लंगोट आधी कोरडा आणि मग ओला तोलून हे माप काढतात. एक ग्रॅम वाढले म्हणजे एक मिलिलिटर, इतके सरळ गणित.

हे मोजणे हल्ली एका नव्याच गोष्टीमुळे अवघड झाले आहे. आठवडी बाजाराच्या गावांतही आता तयार डायपरची पाकिटे लटकलेली दिसतात. त्यांचा मोठेपणा असा, की ओले झाले तरी ते ओले लागत नाहीत. बाळंतिणीची धुणी वाचतात हे खरे, आणि तिच्या कष्टांना नावे ठेवण्याचा अधिकार धुणी न धुणाऱ्या लेखकाला नाही. तरी पहिला आठवडाभर जुन्या धोतराचा, सुती लुगड्याचा लंगोटच बरा. तो खोटे बोलत नाही.

लंगोटावर कधी विटकरी, गुलाबी डाग दिसतो. आजी घाबरते, रक्त समजते. पहिल्या दोन-तीन दिवसांत तो बहुधा लघवीतल्या युरेटच्या क्षारांचा असतो आणि त्याने काही बिघडत नाही. परंतु चौथ्या-पाचव्या दिवशीही तसाच डाग पडत असेल, तर लघवी दाट आहे, दूध कमी पडते आहे, असा त्याचा अर्थ. वजनाचेही तसेच. जन्मानंतर बाळ थोडे उतरते, ते स्वाभाविक असते; तीन किलोचे बाळ तीनशे ग्रॅमपेक्षा जास्त उतरले तर मात्र थांबू नये. टाळू खोल जाणे, तोंड कोरडे पडणे, बाळ पाजायलासुद्धा जागे न होणे, ही पुढची लक्षणे. तिथपर्यंत वाट पाहायची नसते. मुलगा असेल तर आणखी एक गोष्ट बघावी. त्याची धार. आपल्या आज्या ती पाहत असत आणि 'धार लांब गेली' म्हणून हसतही असत. काही मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मतःच पातळ पडदे असतात, लघवी थेंबथेंब होते, आणि मागे तुंबलेल्या पाण्याने मूत्रपिंडे फुगतात. पुष्कळदा हे गरोदरपणातल्या सोनोग्राफीतच दिसते. तेव्हा दिसले नाही, तर आजीच्या डोळ्यांना दिसू शकते.

आता सरकारी बाजू. घरी जाऊन नवजात बाळाला तपासायचे, ही कल्पना या महाराष्ट्राच्याच मातीतली. गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या 'सर्च' संस्थेतल्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या दशकात गावातल्याच बायकांना शिकवून ते करून दाखवले. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचा अहवाल आला. त्या गावांतले नवजात बालमृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून २५ च्या आसपास उतरले होते. त्याच वाटेने २०११ पासून देशभर आशाताईंच्या गृहभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी जन्मले असेल तर पहिल्या दिवशीही. आणि त्या भेटीच्या फॉर्ममध्ये आपला प्रश्न आहे! बाळ सारखे रडते का, किंवा दिवसात सहापेक्षा कमी वेळा लघवी करते का, असे तिथे विचारलेले आहे.

मग बिघडते कुठे? बिघडते ते विचारण्यात आणि सांगण्यात. प्रश्न 'हो की नाही' असा आहे. आशाताई ओसरीवर बसून विचारते. उत्तर बाळंतीण देत नाही, सासू किंवा आई देते. 'शू बराबर होती ना माय?' 'होती की.' फॉर्मवर खूण होते. खोटे कोणीच बोललेले नसते, फक्त मोजलेले नसते. याऐवजी 'काल दिवे लागल्यापासून आज दिवे लागेपर्यंत किती?' असे विचारून आकडा लिहायचा ठरवले, तर घर मोजू लागते. ज्याची नोंद होते त्याकडे माणसाचे लक्ष जाते, हे आपण दुधाच्या डेअरीवरही पाहतो. डेअरीवरचे दूध शंभर मिलिलिटरपर्यंत मोजून वहीत उतरवणाऱ्या घराला सहा लंगोट मोजणे जड नाही. पाळण्याच्या दोरीला एक वही अडकवावी आणि ओल्या लंगोटामागे एक रेघ ओढावी. ज्या बाळंतिणीला लिहिता येत नाही, तिलाही रेघ ओढता येते.

दुसरी अडचण वेळापत्रकाची आहे. तिसऱ्या दिवशी बाळ दवाखान्यातून निघत असते. पहिले बाळंतपण माहेरी. म्हणजे सासरच्या गावच्या आशाताईच्या यादीत नाव आणि बाळ पन्नास किलोमीटरवर. ऊसतोडीला गेलेल्या टोळीतल्या बाळाचे तर कोणत्याच गावच्या यादीत धड नाव नसते. ते फडाच्या कडेला पाचटाच्या खोपीत असते. तिसरा आणि सातवा या दोन दिवसांच्या मध्ये, दूध उतरण्याच्या नेमक्या काळात, बाळाकडे पाहणारे घरचेच चार डोळे असतात.

इथपर्यंतचे सारे घरचे. मात्र ओल्या लंगोटांवर भिस्त ठेवून सगळेच सुटत नाही. मूत्रपिंडाला इजा झालेल्या अनेक नवजात बाळांची लघवी कमी होतच नाही. पाणी गाळले जाते, घाण मागे राहते. विशेषतः औषधांनी झालेली इजा अशी असते. तिथे रक्ताची तपासणी लागते आणि ती तपासणीही मोठी फसवी आहे.

क्रिएटिनिन नावाचा पदार्थ स्नायूंत तयार होतो, मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. ती थकली की रक्तात तो साचतो. मोठ्या माणसात हा हिशेब सरळ आहे. नवजात बाळात पहिल्या दिवशी जो आकडा येतो तो बाळाचा नसतोच, तो आईचा असतो, नाळेतून आलेला. पुढे तो दिवसेंदिवस उतरत जायला हवा. पुऱ्या दिवसांच्या बाळात दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत तो साधारण ०.४ पर्यंत किंवा त्याखाली येतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात सावकाश. म्हणून एकच रिपोर्ट पाहून काही कळत नाही. दुसरा पाहिजे, आणि दोहोंची तुलना पाहिजे. ४८ तासांत तो ०.३ ने चढला, किंवा आधीच्या सर्वांत कमी आकड्याच्या दीडपट झाला, तर मूत्रपिंडाला इजा झाली असे आज जगभर धरतात. उतरायला हवा तो आकडा जागच्या जागी थांबला, तरी शहाणा डॉक्टर सावध होतो.

आता प्रयोगशाळेची चिठ्ठी पाहा. बाळाच्या नावापुढे क्रिएटिनिन ०.९. शेजारी छापलेले असते: सामान्य मर्यादा ०.६ ते १.२. ती मर्यादा मोठ्या माणसाची. दहा दिवसांच्या बाळाला ०.९ म्हणजे अपेक्षेच्या दुपटीहून जास्त. पण चिठ्ठीवर ना लाल खूण, ना चांदणी. वडील चिठ्ठी उलटसुलट पाहतात, 'नॉर्मल आहे' म्हणतात आणि घडी करून खिशात ठेवतात. गर्दीच्या वॉर्डात रात्रपाळीच्या नवख्या डॉक्टरची नजरही तशीच पुढे सरकू शकते. ही चिठ्ठी संगणकातून निघते. वय पाहून मर्यादा छापायला संगणकाला किती कष्ट पडतात? सरकारी असो वा खासगी, प्रत्येक प्रयोगशाळेला एवढी सक्ती करायला कोणता नवा निधी लागत नाही.

त्यातून आणखी एक खोच. क्रिएटिनिन मोजण्याची जी स्वस्त रीत अजूनही पुष्कळ ठिकाणी चालते, तिचे मूळ १८८६ साली माक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञाने वर्णिलेल्या रंगाच्या प्रक्रियेत आहे. रक्तात कावीळ जास्त असेल तर ही रीत आकडा खरा आहे त्यापेक्षा कमी दाखवू शकते. आणि पहिल्या आठवड्यात पिवळी न पडणारी बाळे किती? एन्झाइमवर चालणारी नवी रीत यापेक्षा भरवशाची आहे, पण महाग आहे. रोज रक्त काढा असे म्हणणेही सोपे नाही. एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून ८०-९० मिलिलिटर रक्त असते. त्यातले एक मिलिलिटर काढणे म्हणजे तुमच्या-आमच्या अंगातले सुमारे पाव ग्लास काढण्यासारखे आहे. तेव्हा कोणाचे काढायचे, हे ठरवावे लागते.

ते ठरवणे अवघड नाही. जन्मताच न रडलेले बाळ, फार अपुऱ्या दिवसांचे बाळ, जंतुसंसर्ग झालेले बाळ, आणि मूत्रपिंडावर भार टाकणारी औषधे चालू असलेले बाळ. जेंटामायसिन आणि अमिकासिन ही त्यांतली नेहमीची नावे. गडचिरोलीच्या प्रयोगात गावातल्या आरोग्यदूत बायकांनी जंतुसंसर्ग झालेल्या बाळांना जेंटामायसिनचीच इंजेक्शने दिली होती आणि त्यातून बाळे वाचली होती. औषध वाईट नव्हे. त्याचा डोस, दोन डोसांतले अंतर आणि किती दिवस, यांवर सारे अवलंबून असते. मूत्रपिंडे मंद चालत असतील तर तेच औषध अंगात साठत जाते. अमेरिकेत अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या रुग्णालयात 'बेबी निन्जा' नावाचा एक उपक्रम झाला. अशी औषधे एकाच वेळी अनेक किंवा बरेच दिवस चालू असलेल्या बाळांची यादी करायची, त्यांचे क्रिएटिनिन रोज पाहायचे आणि प्रत्येक औषध आजही हवे आहे का हे विचारायचे. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. एवढ्यावर मूत्रपिंडाच्या इजा कमी झाल्या. आपल्या जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात शिशु कक्षांत ही यादी भिंतीवर लागू शकते.

औषधांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक आठवण. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या विषारी सिरपने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतली बरीच शेवटी नागपूरच्या रुग्णालयांत आली होती. ती नवजात नव्हती, थोडी मोठी होती. परंतु आई-बापांनी प्रथम जे ओळखले ते हेच, की लेकराला लघवी होत नाही. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकोल होते. याच विषाने १९८६ साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमधून १४ रोगी दगावले होते आणि न्या. लेंटिन आयोग बसला होता. चाळीस वर्षांत विषाचे नाव बदलले नाही. नवजात बाळाला डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय कोणतीही बाटली, गुटी, ग्राइप वॉटर द्यायचे नाही, हा आग्रह मूत्रपिंडांसाठीही आहे. गरोदर बाईने कंबरदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचेही तसेच. पाचव्या महिन्यानंतर त्यांतल्या काही गोळ्या पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम करतात आणि गर्भजल कमी होते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये दिला आहे.

वेळीच ओळखले तर हाती काय लागते, असा प्रश्न रास्त आहे. पुष्कळ लागते. बहुतेक बाळांना डायलिसिस लागत नाही. पाण्याचा हिशेब नीट बसवणे, औषध थांबवणे किंवा अंतर वाढवणे, संसर्ग आटोक्यात आणणे, यावर मूत्रपिंडे पुन्हा मार्गी लागतात. फारच अडले तर बाळाच्या पोटातल्या पडद्याचाच गाळणीसारखा उपयोग करून डायलिसिस करतात. त्याला मोठे यंत्र लागत नाही, पण हात लागतो. असा हात परभणीकरांना आजवर बहुधा नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला शोधावा लागला. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर चोवीस तासांत २४ रोगी दगावले, त्यांत १२ नवजात अर्भके होती. औषधांच्या तुटवड्यावर, मनुष्यबळावर तेव्हा रणे माजली आणि ती माजायलाच हवी होती. रुग्णालयाच्या बाजूने एक सांगितले गेले, की अनेक बाळे अखेरच्या अवस्थेत इकडून तिकडून येऊन पोचली होती. हे म्हणणे जबाबदारी झटकण्यासाठी वापरता येते, तसे खरेही असू शकते. परभणीलाही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. अंतर कमी झाले. उशीर कमी होईल की नाही, हे अंतरावर ठरत नाही.

राहिला तो घरी सोडतानाचा कागद. मूत्रपिंडाच्या गाळण्या, दर मूत्रपिंडात साधारण दहा लाख, गर्भातच तयार होतात. ३६ व्या आठवड्याच्या सुमारास ते काम संपते आणि पुढे आयुष्यभर एकही नवी होत नाही. अपुऱ्या दिवसांचे बाळ आधीच तोकड्या भांडवलावर आलेले असते. त्यात इजा झाली तर आणखी तूट. बाळ हसते, रांगते, शाळेत जाते आणि दहा-वीस वर्षांनी रक्तदाब चढतो तेव्हा नवजात कक्षातले ते चार दिवस कोणालाच आठवत नाहीत. अशा मुलांचा रक्तदाब आणि लघवीतले प्रथिन अधूनमधून पाहत राहावे, असे तज्ज्ञ सांगतात. ते पाहायला माणसे आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि शाळांत जातात. पण कोणाचे पाहायचे, हे त्यांना कोण सांगणार? डिस्चार्ज कार्डावर कावीळ लिहिलेली असते, वजन लिहिलेले असते, दिलेल्या लसी लिहिलेल्या असतात. 'मूत्रपिंडाला इजा झाली होती. शेवटचे क्रिएटिनिन इतके' ही ओळ तिथे सक्तीची झाली पाहिजे, आणि मराठीत झाली पाहिजे.

तोवर घराने काय करायचे? पाचव्या दिवशी दिवेलागणीला वहीतल्या रेघा मोजायच्या. सहा असतील तर पाचवीचा नैवेद्य निवांत दाखवावा. चार-पाच असतील तर रात्रभर दर दोन तासांनी पाजावे, सकाळी आशाताईला बोलावून वजन करून घ्यावे. तीन किंवा त्याहून कमी असतील, किंवा बाळ पाजायला उठत नसेल, तर सकाळची वाट न पाहता १०२ ला किंवा १०८ ला फोन करावा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाची गाडी आणि सरकारी रुग्णालयातले उपचार फुकट आहेत. कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. जाताना डिस्चार्ज कार्ड, रक्ताच्या सगळ्या चिठ्ठ्या, पाजलेल्या औषधांच्या बाटल्या आणि रेघांची वही बरोबर घ्यावी. शेवटचा ओला लंगोट एका पिशवीत घालून नेला तरी डॉक्टर हसणार नाहीत. आणि वाटेत बाळाला पाजत राहावे, झाकून पण मोकळ्या हवेत, आईच्या छातीशी धरून.